माडामागे साठ रुपये : एका गावातल्या पाडणावळीचं प्रकरण

पार्श्वभूमी

दापोली तालुक्याच्या किनाऱ्यावरचं एक गाव. गावाचं नाव देत नाही, माणसंही हाकेच्या नावानेच येतील. पुळण संपली की सुरूची रांग, मग रस्ता, आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना आगरं. वर माड, खाली पोफळी, पोफळीवर मिरी, मध्ये कुठे जायफळ. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने किनाऱ्यावर आलं आणि आमच्याकडची आजोबांच्या हातची झाडं एका दुपारीत आडवी झाली. गटाच्या वहीत वादळाआधी फळते माड सोळाशेच्या घरात होते, आता अकराशे आहेत. उरलेल्यांतलेही बरेच कलले.

गट म्हणजे बागायतदारांचा, ३८ आगरांचा. निम्मे मालक मुंबई-पुण्याला. नारळ एकत्र विकायचे, खत एकत्र आणायचं, एवढ्यापुरता तो जमला. करोनानंतर मी ठाण्याहून सासरच्या घरी राहायला आले आणि हिशोबाची वही माझ्याकडे आली.

माडावर चढून नारळ काढणाऱ्याला गोव्याकडे पाडेली म्हणतात. आमच्या गावात या कामाला नावच नाही. गवंडी आहे, सुतार आहे, वायरमन आहे, आणि ‘चढणारा’ आहे. पंधरा वर्षांपूर्वी असे नऊजण होते. २०२४ मध्ये दोन उरले. एक भाऊ, वय चोपन्न. दुसरा त्यांचा चुलत पुतण्या, तो एरवी रिक्षा चालवतो आणि मनात आलं तर रविवारी चढतो. म्हणजे अकराशे माडांना खरं तर दीड माणूस.

पाडणावळीचा, म्हणजे नारळ पाडण्याच्या मजुरीचा, दर होता माडामागे साठ रुपये आणि एक नारळ. तो कधी ठरला, कोणी ठरवला, कोणालाच सांगता येईना. मी आले तेव्हा होता आणि चार वर्षं तसाच होता.

नेमकं काय झालं

२०२४ च्या पावसाळ्यानंतर नारळाचे भाव चढायला लागले. आमच्या खळ्यावर व्यापारी असोल्या, म्हणजे न सोललेल्या, नारळाला पंधरा रुपये देत होता तो दिवाळीनंतर अठ्ठावीसवर आला. मालक खूश. त्याच आठवड्यात भाऊ माझ्या अंगणात आले, पायरीवर बसले आणि म्हणाले, “वैनी, या फेरीपासून एकशेवीस. नायतर मी नाय चढत.”

मी म्हटलं, गटाला विचारते. विचारलं, आणि एकच कल्लोळ झाला. आमच्यातले एक निवृत्त बँक अधिकारी, त्यांना सगळे तात्या म्हणतात, त्यांनी फोनवर तोंडी हिशोब मांडला. सकाळी सातला येतो, साडेअकराला जातो, वीस माड करतो. आत्ताच बाराशे मिळतात, ते चोवीसशे होणार. “अर्ध्या दिवसाचे चोवीसशे! माझा पुतण्या एमएस्सी करून महिन्याला अठरा हजारांवर आहे.” पुण्याच्या एका मालकांनी तर “हे ब्लॅकमेलिंग आहे” असं म्हटलं. (हेच गृहस्थ दापोलीहून आलेल्या पंपवाल्याला नुसतं येण्याचे पाचशे देतात आणि वर चहा करतात. मी तेव्हा बोलले नाही. आता लिहिते आहे.)

पहिली बैठक देवळाच्या सभामंडपात झाली. भाऊंना बोलावलं नव्हतं. त्यांच्या दराची बैठक आणि तेच नाहीत, हे त्या संध्याकाळी आम्हा अठरापैकी एकालाही खटकलं नाही. ठरलं असं की सत्तरपर्यंत जाऊ, नाहीतर दुसरी सोय बघू. मी निरोप दिला. भाऊ हसले. दुसऱ्या दिवसापासून ते खाजणाच्या बांधाच्या कामाला गेले. आपल्याकडे कामावरून काढलं की ‘नारळ दिला’ म्हणतात. इथे चढणाऱ्यानेच अडतीस मालकांना नारळ दिला होता.

समोर असलेले पर्याय

नुसती वाट बघायची, पिकला नारळ आपणच पडतो, हा पर्याय सगळ्यांत स्वस्त वाटला. बऱ्याच जणांनी महिनाभर तेच केलं. माझ्या शेजारच्या आजींच्या गोठ्याची कौलं दोन वेळा फुटली. गोठ्यात तेव्हा म्हैस नव्हती, एवढंच दैव. खाली पडलेल्यांतले निम्मे पोफळीच्या पाटात गेले, काहींना कोंब आले, काही रस्त्याने जाणाऱ्यांच्या पिशवीत गेले.

दुसरा पर्याय म्हणजे झाडं खंडाने देणं. व्यापारी माडामागे वर्षाची ठरावीक रक्कम देतो, चढणारे त्याचे, बाहेरून आणलेले. सहा मालक या वाटेने गेले. पैसे हातात एकरकमी पडले आणि डोक्याचा ताप गेला, हे खरं. पण खंडवाल्याची माणसं शहाळ्याच्या भावावर डोळा ठेवून कोवळे घडही उतरवतात आणि शेंडा साफ करत नाहीत, कारण पुढच्या वर्षी ते झाड त्यांचं असेलच असं नाही.

तिसरा पर्याय यंत्राचा होता आणि त्यावर मीच हट्ट धरला होता. केरळात चेंपेरी गावच्या एका शेतकऱ्याने बनवलेलं शिडीयंत्र असतं : दोन पावलं, दोन पोलादी दोरांचे वेढे, एक पाऊल उचलायचं, एक दाबायचं. नारळ विकास मंडळाने २०११ पासून अशा यंत्रांवर चढण्याचं प्रशिक्षण देशभर दिलं. केरळात कितीतरी बायका त्यातून चढायला शिकल्या. आम्ही दोन यंत्रं आणली आणि गावातले दोन मुलगे तयार केले. सरळसोट, मध्यम उंचीच्या झाडावर ते चांगलं चालतं. आमचे माड मात्र वादळाने कललेले, काहींच्या खोडाला चढण्यासाठी जुन्या खाचा पाडलेल्या, तिथे दोर अडकतो. प्रत्येक झाडाला यंत्र बांधा, वर जा, खाली या, सोडा, पुढच्याला बांधा. मुलांचे दिवसाला आठ-नऊ माड झाले. वर गेल्यावर यंत्रावर उभं राहून हात पोचतील तेवढेच घड निघायचे, शेंड्यात शिरायची त्यांची छाती होईना. दोष त्यांचा नाही. शेंड्यात शिरणं हेच तर मुळात काम आहे, चढणं हा तिथवरचा रस्ता. हे मला यंत्र विकत घेतल्यावर कळलं.

चौथा पर्याय होता भाऊंशी बोलणं. तो शेवटी आला.

आगरातले दोन दिवस

जानेवारीत मी भाऊंना म्हटलं, माझ्या आगरातले माड करा, मागाल तो दर देते, पण मला दिवसभर सोबत राहून टिपून घ्यायचं आहे. ते आले. मी घड्याळ आणि वही घेऊन बसले. त्या दिवशी त्यांनी साडेतीन तासांत एकवीस माड केले. संध्याकाळी वही बघताना लक्षात आलं की एकाही झाडाचा शेंडा साफ झालेला नाही. विचारलं तर म्हणाले, “तुम्ही घड्याळ लावलंत ना माझ्यावर.”

चूक माझी होती. आठ दिवसांनी पुन्हा गेले, या वेळी दुसऱ्यांच्या आगरात, वही पिशवीत ठेवून.

काथ्याच्या दोरीचा फास दोन्ही पायांत. कमरेला आकडी, आकडीत कोयती. हात खोडाला वेढलेले, पाय एकदम उचलून वर, मग कंबर, मग हात. पन्नास फूट. वर पोचल्यावर ते लगेच शेंड्यात जात नाहीत. हिरव्या झावळीच्या बुडाला हात घालून एकदा हिसका देतात. सुकत आलेल्या झावळीला हात लावायचा नाही. २०११ साली एकदा लावला होता, तेव्हापासून डावं मनगट वाकडं आहे. त्या वेळच्या मालकांनी पाचशे रुपये आणि पायलीभर तांदूळ पाठवला होता. प्लास्टर, गाडीभाडं, तीन महिन्यांचं घरी बसणं त्यांनी कर्ज काढून भागवलं.

मग कोयतीची पाठ नारळावर टकटक. आवाजावरून पिकला की नाही ते ठरतं. घड खाली. मग सुकी पोय (फुलोऱ्याचं आवरण), जाळीदार पिसुंदरी, मेलेल्या झावळ्या ओढून काढायच्या. गेंडा भुंग्याचं भोक दिसलं तर लोखंडी आकड्याने भुंगा ओढून काढायचा. हे सगळं ओंबील, म्हणजे झाडावरच्या लाल मुंग्या, अंगभर चावत असताना, एका हाताने. खाली उतरले तेव्हा मानेवर लाल ठिपके, आणि नडग्यांवर जुन्या खरवडीवर नवी खरवड. पायाच्या तळव्याला त्यांनी माझ्यासमोर सुपारीच्या अडकित्त्याचं टोक लावून दाखवलं. काही वाटत नाही म्हणाले.

वीस माड म्हणजे हजार फूट वर आणि हजार फूट खाली. साडेअकराला थांबतात ते आळसाने नाही. त्यानंतर हात थरथरतात, आणि थरथरत्या हाताने माडावर असू नये.

पण मला त्या दिवशी जे दिसलं ते खाली होतं. काकी, म्हणजे भाऊंच्या पत्नी. वरून पडणारा एकेक नारळ कुठे उसळून गेला ते डोळ्यांनी धरून ठेवायचं, पाटातून, केळीतून, काट्यातून वेचायचा, हाऱ्यात भरायचा, डोक्यावरून खळ्यात आणायचा. माडामागे तेरा नारळ, वीस माड, म्हणजे दोनशेसाठ. हाऱ्यात वीस-बावीस बसतात. बारा-तेरा खेपा, तीनशे किलोच्या पुढे वजन. वर झावळ्या ओढून गोळा करायच्या. साठ रुपयांच्या दरात त्यांचं काम कुठे आहे, असं मी विचारलं. काकी म्हणाल्या, “माजं कसलं काम? मी आपली यांच्या सोबत येते.”

हिशोब

आम्ही सगळे रोजावर भांडत होतो, म्हणून मी वर्ष मांडलं. जून ते सप्टेंबर खोडाला शेवाळ असतं, चढणं नाही. ऑक्टोबरपासूनही पावसाची सर, दव, ताप, सुतक, सणवार. भाऊंच्या घरच्या कॅलेंडरवर काकींनी टिकल्या मारल्या होत्या : वर्षाला १३० दिवस. दिवसाला सरासरी वीस माड. रोख बाराशे, आणि जुन्या भावाने तीनशे रुपयांचे वीस नारळ. १,५०० गुणिले १३०, म्हणजे वर्षाचे १,९५,०००. दोन माणसांचे. माणशी रोज साडेसातशे पडला. आमच्या गावात गवंडी नऊशे घेतो, जमिनीवर उभा राहून, आणि त्याला वर्षातले जास्त दिवस काम असतं. तळाला बघायचं तर त्या वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी २९७ रुपये होती.

तात्यांनी एक मुद्दा काढला आणि तो रास्त होता. भाव वाढला म्हणजे त्यांच्या वाट्याच्या नारळाचीही किंमत वाढली, ती धरली का? धरली. पण तो नारळ कोणता द्यायचा ते मालक ठरवतो आणि मालकाचा हात नेहमी ढिगातल्या लहानावर जातो. मीही तेच करत होते.

बैठक फिरली ती दुसऱ्या आकड्याने. जुन्या भावात एका फेरीला माडाचे तेरा नारळ, १९५ रुपये. त्यातून साठ अधिक नारळाचे पंधरा, म्हणजे पाडणावळ उत्पन्नाच्या ३८ टक्के. नव्या भावात तेच तेरा नारळ ३६४ रुपयांचे, आणि जुन्या दराने पाडणावळ ८८, म्हणजे २४ टक्के. भाऊ मागत होते ते १२० अधिक अठ्ठावीस, म्हणजे ४१ टक्के. जवळजवळ जिथे होते तिथेच. दुप्पट दर मागतो म्हणून आम्ही ज्याला नावं ठेवली, त्याचा वाटा दोन महिन्यांत आम्हीच अडतीसवरून चोवीस टक्क्यांवर आणला होता आणि तो मात्र कोणी ब्लॅकमेलिंग मानला नव्हता.

दुसरी बैठक आणि निर्णय

फेब्रुवारीत बसलो तेव्हा भाऊंना आणि काकींना रीतसर बोलावलं. खुर्च्या होत्या, तरी दोघं पायरीवर बसली. कोणीतरी “अरे भाऊ, तू बस ना वर” म्हटलं. चोपन्न वर्षांच्या माणसाला तिशीतला मालक ‘तू’ म्हणतो हे मला त्याच दिवशी ऐकू आलं, कारण त्याच आठवड्यात आमच्याकडे आडवी झाडं काढायला जेसीबी आला होता. त्याचा चालक चोवीस वर्षांचा पोरगा, त्याला सगळे ‘तुम्ही’ आणि ‘ऑपरेटरसाहेब’ म्हणत होते, ओटीवर खुर्ची देत होते.

दर ठरवताना घासाघीस झालीच. शेवटी माडामागे नव्वद आणि एक नारळ, नारळ चढणाऱ्याने निवडायचा. शेंडा साफ करणं दरात धरलेलं, पण झाडं मोजून नाही, आगर पुरं करून पैसे, म्हणजे घाईला कारण उरत नाही. वेचणीची मजुरी वेगळी : रोजचे तीनशे, काकींच्या हातात, वहीत वेगळ्या रकान्यात. यावर तात्यांपेक्षा जास्त विरोध भाऊंनीच केला. “घरात पैसे येतात ते येतात, रकाने कशाला?” काकी काही बोलल्या नाहीत. रकाना राहिला.

विम्यासाठी नारळ विकास मंडळाची चढणाऱ्यांसाठीची केरा सुरक्षा योजना होती. हप्त्याचा साधारण पाऊण हिस्सा मंडळ भरतं, उरलेला गटाने भरायचं ठरवलं. जोडीला वीस रुपयांचा पंतप्रधान सुरक्षा विमा, दोघांचाही.

पाचवी गोष्ट कोणाच्या डोक्यात नव्हती. वाशीच्या बाजारात आयुष्य काढलेल्या एका काकांनी ती सुचवली. हमालाचा मालक रोज वेगळा असतो, म्हणून कोणीच त्याचा मालक नसतो. महाराष्ट्राने १९६९ च्या माथाडी कायद्यात यावर तोड काढली : मजुरीच्या वर मालकाकडून लेव्ही म्हणजे जादा रक्कम, ती माथाडी मंडळाकडे, त्यातून भविष्यनिर्वाह निधी वगैरे. भाऊंचेही अडतीस मालक. तर माडामागे पाच रुपये जादा, गटाच्या खात्यात, पावसाळ्याच्या चार महिन्यांसाठी आणि दुखण्याखुपण्यासाठी. कायद्याची नुसती नक्कल, पण कल्पना पटली.

पुढे काय झालं

फेब्रुवारी अखेर भाऊ परत चढले. मेपर्यंत एक फेरी पुरी झाली. शेंडे साफ झाल्याने भुंग्याचा त्रास कमी वाटतोय, पण एका हंगामावरून ठाम काही सांगणार नाही. खंडाने दिलेल्या सहांपैकी चार परत आले. एक तिकडेच सुखी आहे, आणि त्याचं गणित चुकीचं नाही, तो वर्षातून एकदाच गावी येतो. यंत्रं पडून नाहीत. एक एका मुलाकडे आहे, तो लहान झाडं करतो. दुसरं गावातल्या एका सुनेने मागून नेलं आणि घरचे चार माड स्वतः काढले. पहिल्या दिवशी रस्त्यावर बघ्यांची रांग होती, तिसऱ्या दिवशी नव्हती.

पाच रुपयांचा निधी मात्र लंगडला. हिशोबाने साडेचार हजार जमायला हवे होते, जूनपर्यंत अठ्ठावीसशे जमले. थकबाकीदार सगळे शहरातले, पाचशेच्या आतली रक्कम, “पुढच्या वेळी एकत्र देतो” म्हणणारे. जुलैत भाऊंचा गुडघा सुजला तेव्हा त्यातलेच पैसे गेले.

दराचा प्रश्न थोडाफार सुटला, पण माणसाचा राहिला. भाऊंचा मुलगा लोटे परशुरामच्या एमआयडीसीत कंत्राटदाराकडे आहे, महिना चौदा हजार. नव्या दराने आई-बाप दोघं मिळून याहून जास्त कमावतात. मुलगा म्हणतो, चढलो तर मुलगी कोण देईल? काकी त्याच्याच बाजूने आहेत. मे महिन्यात लग्नासाठी त्याचा बायोडाटा माझ्याकडेच टाइप करायला आला. ‘वडिलांचा व्यवसाय’ या ओळीपुढे त्याने जागा मोकळी ठेवली होती. मी भाऊंना विचारलं, काय लिहू? ते बराच वेळ नडगी खाजवत बसले. म्हणाले, “बागायत लिवा.”

त्यांच्या मालकीचे तीन माड आहेत. मी बागायत लिहिलं.

आता परत करायचं तर

भाऊंना पहिल्याच बैठकीला बोलावलं असतं तर दोन महिने, आजींची कौलं आणि यंत्रांचे सात हजार वाचले असते. घड्याळ लावलं नसतं. निधीचे पाच रुपये मालकांकडून नंतर मागण्याऐवजी व्यापाऱ्याच्या बिलातूनच कापले असते. या ऑक्टोबरपासून तेच सुरू केलं आहे आणि पहिल्या फेरीला एक रुपयाही थकला नाही.

दर नारळाच्या भावाशी बांधायचा का, हे अजून ठरत नाही. भाव चढताना टक्केवारी चढणाऱ्याच्या सोयीची, उतरताना मालकाच्या. पन्नास फूट मात्र दोन्ही वेळा पन्नासच. मी खालची मर्यादा नव्वद ठेवून वर टक्केवारी, असं सुचवलं आहे. तात्यांचा याला विरोध आहे आणि या वेळी भाऊंचाही : “रोज भाव बघत बसू का चढू?”

उंचीचा वेगळा दर ठेवायला हवा होता, हे सगळ्यांत उशिरा कळलं. या दिवाळीच्या फेरीला भाऊ माझ्या आगरातल्या विहिरीकडच्या माडापाशी आले, मान वर करून बघितलं आणि फास पायातून काढला. तो माड सत्तर फुटांच्या पुढे आहे, वादळानंतर समुद्राकडे कललेला. “हा नको, वैनी. याचे पडतील तेव्हा घ्या.” मी दीडशे म्हटलं. दोनशे म्हटलं. काकी हारा उचलून आधीच पुढच्या झाडाकडे निघाल्या होत्या.